सभासद व त्याचे कुटुंब

चूल वेगळी करायची असं घरात एकमतानं ठरलं, त्याच क्षणी घरातल्या एकुलत्या एका शेगडीवर दूध उतू चाललं होतं आणि गॅस बंद करायला कुणीच उठत नव्हतं. कारण ते दूध आता कोणत्या चुलीचं, हा मुद्दा अजून निकालात निघायचा होता.

"थोरलीचं," अण्णा म्हणाले. "पातेलं तिच्या माहेरचं आहे."

"अण्णा, पातेल्यावरून दुधाची मालकी ठरत नाही," धाकटा म्हणाला. "दूध मी आणलंय."

"आणलंस तू. तापत कुणी ठेवलं? ताबा कुणाचा?"

"ताबा उतू चाललाय," माई म्हणाल्या. त्या टेबलाच्या टोकाला बसून शब्दकोडं सोडवत होत्या आणि त्यांनी मान वर केली नव्हती.

थोरलीनं उठून गॅस बंद केला. वकिलांच्या घरात सून होऊन आल्यापासून ती हेच करत आली होती. वाद रंगात आला की कुणीतरी उठून गॅस बंद करावा लागतो. ती स्वतःही वकील होती, ही गोष्ट अशा वेळी तिच्या लक्षात राहायची नाही. या घरात वकील नसलेलं माणूसच नव्हतं. सासरे अण्णा, सासूबाई माई, तिचा नवरा, धाकटा दीर, त्याची बायको धाकटी आणि ती. दारामागच्या खुंट्यांवर सहा काळे कोट लटकायचे आणि सकाळच्या घाईत ज्याला जो मिळेल तो घालून कोर्ट गाठायचं. एकदा ती नवऱ्याच्या कोटात उभी राहून युक्तिवाद करत असताना खिशातून दाढीचं ब्लेड निघालं होतं आणि समोरच्या वकिलानं आवाज खाली आणून तडजोडीची भाषा सुरू केली होती.

आज मात्र प्रसंग तिच्यावरच होता. राज्य वकील संघाच्या निवडणुकीत ती अध्यक्ष म्हणून निवडून आली होती. उद्या पदभार. आणि धाकटी, जिनं समोरच्या तरुण मंडळींच्या गटातून निवडणूक लढवली होती, ती चिटणीस म्हणून. प्रचारात दोघी जावा एकाच स्कूटरवरून सभांना जायच्या, स्टेजवर चढल्या की एकमेकींचे वाभाडे काढायच्या आणि परतताना वाटेत भाजी घ्यायच्या. दोघी जिंकल्या तेव्हा घरात इतका आनंद झाला की अण्णांनी अभिनंदनाचं भाषण दोनदा केलं, एकेका विजेतीसाठी वेगळं.

मग हरकतरावांनी हरकत घेतली.

हरकतराव म्हणजे थोरलीकडून हरलेले उमेदवार. साक्षीदारानं स्वतःचं नाव सांगितलं तरी ते उठून हरकत घ्यायचे, म्हणून साऱ्या कोर्टानं त्यांना हे नाव बहाल केलेलं. त्यांचा मुद्दा एका ओळीचा होता. संघाच्या घटनेतलं कलम अकरा: 'सभासद व त्याचे कुटुंब एकाच वेळी कार्यकारिणीवर असणार नाही.' दोघी एका घरच्या सुना. एक कुटुंब. तेव्हा अध्यक्षांची निवड रद्द करा.

निवडणूक अधिकारी होते एक निवृत्त न्यायाधीश. त्यांनी फोनवर सांगितलं, "घटनेत कुटुंबाची व्याख्याच नाही हो. मग मी आपली जुनी कसोटी लावीन. चूल एक तर कुटुंब एक. दुपारी येऊन बघून जातो."

म्हणून ही धावपळ.

"हे बरोबर आहे का पण?" थोरली म्हणाली. "खोटं आहे हे."

"खोटं कसं?" अण्णा खुर्चीत पुढे सरकले. त्यांचे डोळे चमकत होते; निवृत्त झाल्यापासून इतकी चांगली केस त्यांच्या वाट्याला आली नव्हती. "चूल खरोखरच वेगळी करायची. पडदा लावायचा, शेगड्या दोन, भांडी दोन, मीठ दोन. ते आले की चूल वेगळी दिसेल, कारण ती वेगळी असेल. यात खोटं काय ते दाखव."

"आणि कधीपासून वेगळी, असं विचारलं तर?"

"विचारलं तर ना? विचारल्याशिवाय सांगायचं नाही. एवढ्या वर्षांत हे नाही शिकलीस?"

थोरलीला पद हवं होतं. हे स्वतःशी कबूल करायला तिला फार दिवस लागले होते, पण हवं होतं. संघाचे उद्देश तीन. पहिला वकिलांचं हित, दुसरा वकिलीची प्रतिष्ठा, तिसरा सामान्य माणसाला न्याय सुलभ व्हावा. पहिल्या उद्देशासाठी चार समित्या होत्या, दुसऱ्यासाठी एक शिस्तपालन समिती, आणि तिसऱ्यासाठी दर अधिवेशनात टाळ्यांचा कडकडाट. गावोगावच्या कोर्टांत शाखा, शाखांचे प्रतिनिधी, प्रतिनिधींची परिषद, परिषदेतून कार्यकारिणी, असा भलामोठा जिना बांधून ठेवलेला. पण त्यावर चढ-उतार करायचे ते वकीलच. बाहेरचा माणूस खाली उभा राहून वर बघायचा.

असंच एका बाईला तिनं बघितलं होतं. पिशवी मांडीवर घेऊन ती बाई दिवसभर चुकीच्या दालनाबाहेर बसून राहिली आणि पलीकडच्या दालनात तिच्या नावाचा पुकारा होऊन 'गैरहजर' असा शेरा पडून प्रकरण निकाली निघालं. "मी तर इथंच होते हो," एवढंच ती म्हणत होती, जो दिसेल त्याला. थोरलीच्या डोक्यातून ते वाक्य गेलं नाही. प्रत्येक कोर्टाच्या दाराशी एक टेबल, शाखेतला एक वकील पाळीपाळीनं, कोणत्या दारात जायचं, कोणता कागद लागतो, पुकारा झाला की काय म्हणायचं, हे फुकट सांगायचं. एवढ्या एका टेबलावर ती निवडून आली होती. "फुकट सांगायला लागलात तर आमच्याकडे येईल कोण?" असं हरकतराव प्रत्येक सभेत विचारायचे. ते अध्यक्ष झाले तर टेबल कुठं जाईल, हे सांगायला नको.

"बरं," ती म्हणाली. "लावा पडदा."

पडदा म्हणून माईंची जुनी चादर निघाली. धाकट्यानं ती स्वयंपाकघराच्या मधोमध दोरीवर टाकली. पण दोरी खिडकीच्या गजाला बांधल्यामुळे नळ अलीकडे आला आणि मोरी पलीकडे गेली. यावर अण्णांनी पाण्याच्या वहिवाटीच्या हक्कावर थोडक्यात, म्हणजे त्यांच्या मानानं थोडक्यात, विवेचन केलं. थोरलीचा नवरा, ज्याला सारं घर संपादक म्हणायचं, तो कानावर पेन्सिल खोचून चादरीच्या दोन्ही बाजूंनी ये-जा करत विचारत होता, "सहा अक्षरी, आडवा, 'जमिनीसाठी भाऊ भावाला हे करतो'?"

"वाटोळं," माई म्हणाल्या.

"सहा अक्षरी, माई."

"मग 'सत्यानाश' घे."

"ते चारच आहे."

संघाचं वार्तापत्र तो कित्येक वर्षं एकहाती काढत होता. बाकीचं कुणी वाचत नसे, पण शेवटच्या पानावरचं कायद्याचं शब्दकोडं साऱ्या राज्यातले वकील आपला पुकारा होईपर्यंत सोडवत बसायचे. एकदा एका न्यायाधीशांनी निकाल वाचता वाचता थांबून 'उभा सात काय आहे?' असं विचारल्याची गोष्ट तो प्रत्येक पाहुण्याला सांगायचा.

"आता दुसरी शेगडी कुठून आणायची?" थोरलीनं विचारलं. "दुकान उघडं असेल का?"

"आहे माझ्याकडे," धाकटी म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती आपल्या खोलीत गेली आणि विजेची छोटी शेगडी घेऊन आली. मग परत गेली आणि एक खोकं आणलं. खोक्यात दोन पातेली, एक कढई, झारा, मिठाची बरणी, सगळं कागदात गुंडाळलेलं, नवंकोरं.

"म्हणजे तो वास!" धाकटा म्हणाला. "मला वाटायचं, नूडल्स शेजारचे करतात."

थोरलीच्या हातातली बरणी तशीच राहिली. पडद्याच्या पलीकडे जाऊन तिनं धाकटीला हळूच विचारलं, "वेगळं व्हायचं होतं तुला? कधीपासून?"

"नाही हो ताई." धाकटीचे कान लाल झाले होते. "वेगळं नव्हतं व्हायचं. मला नुसतं एकदा माझ्या हातची भाजी करायची होती. म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझी. इथं मी कढईत काही टाकलं की माई चव घेतात, मग तुम्ही चव घेता, मग अण्णा येऊन सांगतात की मागच्या वेळी जास्त चांगली होती. मीठ कधी घातलं गेलं आणि कुणी घातलं, ते शेवटी कुणालाच सांगता येत नाही."

"मग सांगायचं नाहीस का?"

"कुणाला? तुम्हाला?" धाकटी हसली. "स्टेजवर तुमच्याविरुद्ध काय वाट्टेल ते बोलता येतं, ताई. स्वयंपाकघरात नाही जमत."

थोरलीला हसूही आलं आणि डोळ्यांत टचकन पाणीही. राज्यातल्या सगळ्या शाखांचं गाऱ्हाणं ऐकायला निघालेली ती, आणि स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या शाखेचा प्रतिनिधी इतकी वर्षं बोललाच नव्हता. ती काहीतरी म्हणणार तेवढ्यात दारावरची घंटा वाजली, अण्णा "आले, आले! कुणी जास्त बोलू नका," असं जास्तच मोठ्यानं बोलले आणि धाकट्यानं घाईत मिठाच्या दोन्ही बरण्या एकाच बाजूला ठेवून दिल्या.

न्यायाधीश किरकोळ अंगाचे, पांढऱ्या भुवयांचे. चप्पल काढतानाही विचार करून काढत होते, डावी आधी की उजवी. त्यांच्या मागून हरकतराव आले, ते घरात पाऊल टाकताच नाक वर करून वास घ्यायला लागले.

"फोडणी एकाच ठिकाणची वाटते," ते म्हणाले.

"आज फोडणीच दिलेली नाही," माई कोड्यातून म्हणाल्या.

सगळे बसले. मग पडद्याच्या अलीकडून थोरलीचा नवरा चहाचा ट्रे घेऊन आला आणि पलीकडून धाकटा दुसरा ट्रे घेऊन आला. दोघे न्यायाधीशांसमोर एकदमच थांबले.

"हा थोरल्या चुलीचा," संपादक म्हणाला.

"आणि हा धाकट्या चुलीचा," धाकटा म्हणाला.

न्यायाधीशांनी दोन्ही कप उचलले. एकाचा घोट घेतला, दुसऱ्याचा घेतला. थोडा वेळ डोळे मिटून बसले. "चव वेगळी आहे," ते म्हणाले. "एकात साखर नाही."

"हरकत आहे!" हरकतराव उठले. "साखर विसरणं हा चूल वेगळी असल्याचा पुरावा होऊ शकत नाही."

"बसा हो. मी अजून पुरावा मानलेला नाही, फक्त चहा पितोय." ते कप हातात धरूनच स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. चादर पाहिली, तिच्यावरची फुलं पाहिली. खिडकीच्या गजाची गाठ पाहिली. विजेच्या शेगडीला अजून दुकानाची चिठ्ठी चिकटलेली होती. अण्णांनी डोळे मिटून घेतले. धाकटी बोटांची पेरं मोडत होती.

न्यायाधीश परत येऊन बसले आणि थेट थोरलीकडे वळले.

"अध्यक्षबाई, मी फार खोलात शिरत नाही. एकच विचारतो, हो की नाही सांगा. तुम्हा दोघींची चूल वेगळी आहे?"

"हो," थोरली म्हणाली.

अण्णांनी श्वास सोडला. इथंच थांबायचं होतं. वकील माणसाला इथं थांबता आलंच पाहिजे. उत्तर संपलं की तोंड मिटायचं, ही तर पहिल्या वर्षाची शिकवण. थोरलीनं तोंड मिटलं. आणि मग तिच्या डोळ्यांसमोर तिचं ते टेबल आलं. उद्या त्या टेबलाशी कुणीतरी बाई येणार, पिशवी घेऊन, आणि विचारणार, साहेबांनी विचारलं तर काय सांगू?

"आज सकाळपासून," ती म्हणाली.

तिनं दोरीकडे बोट दाखवलं.

"ती चादर माईंची आहे. सकाळी लावली. कालपर्यंत आम्ही एकत्रच जेवत होतो."

"संपलं!" हरकतराव म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कशावर हरकत घेतली नाही.

"अगं, काय हे," अण्णांनी कपाळाला हात लावला. "जिंकलेली केस!"

"मग मी सोडते चिटणीसपद," धाकटी उठून उभी राहिली. "कुटुंबातलं एकच माणूस चालतं ना? ताई राहू देत."

"अजिबात नाही," थोरली म्हणाली. "तुला जास्त मतं पडलीत माझ्यापेक्षा."

"म्हणून काय झालं? टेबल तुमचं आहे."

"टेबल संघाचं आहे. तू बस खाली."

"नाही बसत. मी विरोधी गटातली आहे, तुमचं का ऐकू?"

"काय चाललंय तुमचं!" माईंनी पेन्सिल आपटली. "अकरावं कलम ना? त्यात सून कुठं आलीय? नीट वाचा की. 'सभासद व त्याचे कुटुंब.' आमच्या वेळी कुटुंब म्हणजे बायको. माणूस घरी पाहुणा आला की म्हणायचा, हे आमचं कुटुंब, आणि बायको नमस्कार करायची. घरचं सगळं खटलं नाही पुढं यायचं नमस्कार करायला."

न्यायाधीशांच्या भुवया वर गेल्या. "खरं आहे," ते सावकाश म्हणाले. "माझे वडील असंच म्हणायचे."

"पण घटना लिहिणाऱ्यांच्या मनात हाच अर्थ होता कशावरून?" हरकतराव म्हणाले.

"घटना मी लिहिली आहे," अण्णा छाती काढून म्हणाले. "आणि माझ्या मनात..."

"अक्षर तुमचं होतं," माई म्हणाल्या.

अण्णांची छाती जागेवर गेली.

"अकरावं कलम मी सांगितलं, यांनी उतरवून घेतलं," माई न्यायाधीशांना म्हणाल्या. "संघ निघाला तेव्हा बाई वकील मी एकटी. पहिल्याच बैठकीत हे उठून म्हणाले, आमच्या हिला चिटणीस करू या, हिचं अक्षर चांगलं आहे. मी ओळखलं, आता जन्मभर यांची भाषणं मला इतिवृत्तात लिहावी लागणार. घरी ऐकतेच आहे, वर परत लिहायचीही! मी म्हटलं, घटनेत घाला, नवरा-बायको एका वेळी नकोत, घराणेशाही होते. सगळ्यांना फार तत्त्वाची गोष्ट वाटली. टाळ्या पडल्या."

"म्हणजे ते तत्त्व नव्हतं?" अण्णांचा आवाज चिरका झाला. "मी त्या कलमावर तीन अधिवेशनांत बोललोय!"

"ते मला लिहावं लागलं नाही," माई म्हणाल्या.

धाकट्यानं तोंडावर हात दाबला. न्यायाधीशांनी कप खाली ठेवला, कारण तो हलायला लागला होता. "माई, कायदा करणाऱ्याच्या मनात काय होतं हे शोधण्यात माझं आयुष्य गेलं," ते म्हणाले. "कायदा करणारी समोर बसून कोडं सोडवतेय, हे पहिल्यांदाच घडतंय. पण मला घटनेच्या आतला आधार लागेल."

आता अण्णांना राहवेना. बायकोवर रागावलेला माणूस आणि घटना तोंडपाठ असलेला माणूस यांची त्यांच्या चेहऱ्यावर झटापट झाली आणि घटनावाला जिंकला. "कलम सत्तावीस," ते घुश्शातच म्हणाले. "'अधिवेशनास येणारा सभासद व त्याचे कुटुंब यांस दोन खाटांची एक खोली देण्यात येईल.' दोन खाटा. म्हणजे कुटुंब म्हणजे एक माणूस."

"आणि या कलमाखाली," धाकटी चटकन म्हणाली, "हरकतराव दर अधिवेशनाला वहिनींना घेऊन येतात आणि खोली घेतात. तुम्ही तिथं कुटुंबाचा कोणता अर्थ लावता, काका?"

हरकतरावांच्या घरी आठ माणसं होती आणि ती दोन खाटांवर मावली नसती.

"ठरलं तर," न्यायाधीश म्हणाले. "दोन्ही कलमांत एकच शब्द, एकच अर्थ. कुटुंब म्हणजे जोडीदार. दोघी जावा एकमेकींचं कुटुंब होत नाहीत. हरकत फेटाळली."

मग जो गोंधळ झाला त्यात कोण कुणाला मिठी मारतंय ते कळेना. अण्णांनी भाषणासाठी खाकरून घेतलं, माई म्हणाल्या, "बसा." धाकटी पडद्याशी जाऊन उभी राहिली आणि चादरीचं टोक हातात धरून तिनं विचारलं, "मग हे काढायचं का ताई?" विचारताना ती कुठंतरी दुसरीकडेच बघत होती.

"राहू दे," थोरली म्हणाली. "शेगडी तुझी, मीठ तुझं. मी चव घ्यायला आले तर हात धरून बाहेर काढ. जेवायला मात्र सगळ्यांनी या टेबलावर."

"आणि अण्णा?"

"अण्णांनी अभिप्राय द्यायचा असेल तर लेखी द्यावा."

याच आनंदाच्या भरात सगळ्यांचं दुर्लक्ष झालं होतं, ते एका कोपऱ्यात वर झालेल्या हाताकडे. हात थोरलीच्या नवऱ्याचा होता आणि तो बराच वेळ वर असावा, कारण त्यानं तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला होता.

"एक अडचण आहे," तो म्हणाला. "मी कार्यकारिणीवर आहे."

"तू?" अण्णा म्हणाले.

"वार्तापत्राचा संपादक पदसिद्ध सदस्य असतो. मत नसतं त्याला. पण खुर्ची असते."

"दादा, तू बैठकांना जातोस?" धाकट्यानं विचारलं.

"दर वेळी जातो. शेवटच्या खुर्चीवर बसतो. कोडं तिथंच तर करतो."

सहा वकिलांच्या घरात कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. साऱ्या सकाळी सगळे मिळून चादरी टांगत होते, आणि खरं कलम कानावर पेन्सिल खोचून त्याच चादरीखालून जा-ये करत होतं. अहो, पण निदान मला तरी आठवायला हवं होतं, थोरलीला वाटलं. मी तर याच्याशी लग्न केलंय.

"तुला कुणी विचारलं होतं का रे?" अण्णा कळवळून म्हणाले.

"नाही. पण हिनं पडद्याचं सांगितलं ना." तो ओशाळून हसला. "मग मलाही राहवेना."

हरकतराव पुन्हा उभे होते. गेलेला रंग त्यांच्या चेहऱ्यावर दुप्पट परतला होता. "सभासद व त्याचे कुटुंब! 'त्याचे'! सभासद हे. कुटुंब म्हणजे बायको, खुद्द माईंनीच सांगितलंय. तेव्हा सभासदानं राहायचं आणि कुटुंबानं जायचं. अध्यक्षबाई, नमस्कार!"

माईंच्या हातातली पेन्सिल थांबली. स्वतः खणलेल्या खड्ड्याकडे त्या थोडा वेळ बघत राहिल्या.

थोरली उठली. आयुष्यात तिनं कितीकांची बाजू मांडली होती. स्वतःची मांडायला ती पहिल्यांदाच उभी राहत होती. झोपाळ्यावर उंच झोका घेतल्यासारखं तिला वाटत होतं.

"साहेब, कलम दोन," ती म्हणाली. "'या घटनेत पुल्लिंगी शब्दात स्त्रीलिंगही समाविष्ट समजावे.' म्हणजे 'त्याचे' यात 'तिचे'ही आलं. सभासद मीही होऊ शकते."

"मान्य. आणि कुटुंब?"

"पुरुष कसा कुटुंब होईल?" हरकतराव ओरडले.

"काका, तुम्ही 'तो कुटुंब' म्हणता का?" थोरलीनं विचारलं.

"नाही."

"'ती कुटुंब' म्हणता?"

"छे, छे. 'ते कुटुंब'."

"ते," थोरली म्हणाली. "नपुंसकलिंगी. तो असो की ती, दोघांनाही मोकळं आहे."

"शब्द," तिचा नवरा घाईनं न्यायाधीशांना म्हणाला. "शब्द नपुंसकलिंगी आहे, साहेब."

न्यायाधीशांनी रुमाल काढून डोळे पुसले. बराच वेळ पुसले. "दोन्ही बाजूंत दम आहे," अखेर ते म्हणाले. "एक सभासद, एक कुटुंब, एवढंच घटना म्हणते. कोण कोण, ते सांगत नाही. बाई अजून पदावर बसलेल्या नाहीत, उद्या बसतील, तेव्हा अजून वेळ गेलेली नाही. हे मी ठरवणार नाही. तुम्ही दोघांनी ठरवायचं. आणि आत्ताच, मला तिसरा चहा चालणार नाही."

थोरलीनं नवऱ्याकडे पाहिलं. मघाचा झोपाळा एकदम जमिनीला टेकला. कोडं हातातून गेलं तर या माणसाचं काय होईल, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. नवा अंक छापून आला की तो उशाशी घेऊन झोपायचा. बैठकीत मत नव्हतं त्याला, भाषण नव्हतं. एक शेवटची खुर्ची होती आणि त्या खुर्चीवरून तो साऱ्या राज्याला डोकं खाजवायला लावायचा. मागावं कसं? तिनं खूप भांडून मिळवलं होतं, पण असं मागून काही घेतलं नव्हतं.

"अहो," ती म्हणाली, "तुमचं कोडं..."

"मलाही तेच सुचत नव्हतं," तो म्हणाला. त्यानं कानावरची पेन्सिल काढली. क्षणभर बोटांत फिरवली आणि माईंच्या पुढ्यात ठेवली. "माई, तू नाहीस कार्यकारिणीवर. अण्णाही नाहीत. पुढचा अंक तू काढ."

"सगळी उत्तरं 'वाटोळं' येतील," माई म्हणाल्या, पण पेन्सिल त्यांनी उचलली.

तो उठला. शर्टाची कॉलर सारखी केली, केसांवरून हात फिरवला आणि चार पावलं चालत येऊन बायकोच्या शेजारी, किंचित मागे उभा राहिला.

"साहेब, ओळख करून द्यायची राहिली," तो म्हणाला. "या राज्य वकील संघाच्या अध्यक्ष. आणि मी यांचं कुटुंब."

न्यायाधीश खुर्चीतून उठले, पुढे आले आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता त्यांनी दोन्ही हात जोडले.

"नमस्कार, वहिनी," ते म्हणाले.